सूप, वन बाय टू

६ जानेवारी, सोमवार

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलंय, हिनं रोज काय खाल्लं आणि किती खाल्लं ते लिहून ठेवायचं. त्यासाठी चौकटी छापलेला कागदही दिला. त्या चौकटी एवढ्याशा, की मुंगीनंच बसून लिहावं. मी आपली दुकानातली वही काढली. निम्मी कोरी होती. पुढच्या पानांवर कोणाच्या काट्याला काय झालं होतं ते आहे, आता मागच्या पानांवर आमच्या हिचं जेवण.

दुकान म्हणजे वजनकाटे दुरुस्तीचं. एकतीस वर्षं चालवलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले म्हणून बंद केलं. किराणावाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून गेले. त्यामुळे आज डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते ऐकून मला उलट धीरच आला. हिच्या पोटातली गाठ काढलीय, पण औषधाचे सहा डोस द्यायचेत, दर तीन आठवड्यांनी एक. पहिला झाला. डॉक्टर म्हणाले, "वजन चाळीसच्या खाली जाऊ देऊ नका. गेलं तर मला डोस थांबवावे लागतील." मी म्हटलं, वजनाचं माझ्यावर सोडा.

आज: मऊ भात चार चमचे. दूध अर्धा पेला. केळं दाखवल्याबरोबर तोंड फिरवलं.

१२ जानेवारी, रविवार

दर रविवारी सकाळी वजन करायचं ठरवलं. दुकानातला उत्तम काटा घरी आणून ठेवलाय. आधी पलंगाखालची लाकडी पेटी काढली. तिच्यात माझी पितळी वजनं आहेत, पाच किलोपासून शंभर ग्रॅमपर्यंत, प्रत्येकाला आपापला खळगा. ती ठेवून काटा तपासला. ह्या वजनांना बोट लावायचं नाही, घामानं पितळ खराब होतं आणि वजन बदलतं. मऊ पिवळ्या फडक्यात धरूनच उचलायची. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात हिनं हौसेनं ती चिंचेनं घासायला घेतली होती, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर आजतागायत हिनं त्यांना हात लावलेला नाही.

हिचं वजन बेचाळीस किलो सहाशे. म्हणजे अडीच किलोवर हातात आहेत.

सगळं लोखंडासारखं लागतं म्हणते. पाणीसुद्धा. मी म्हटलं, लोखंडवाल्याशी लग्न केल्याचा हा परिणाम. हसली, पण भात दोन चमच्यांवरच ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार

दुसरा डोस झाला. दवाखान्याच्या काट्यावर एकेचाळीस किलो सातशे. परवा घरी एकेचाळीस आठशे होतं. म्हणजे त्यांचा काटा बरा आहे. पण आकडा उतरतोय. मला रागच येतो. इतकं करून घालतो, ही चमचा ताटात फिरवत बसते. आज मी बोललो, खायचं नसेल तर तसं सांग, मी वही मिटून ठेवतो. मग मीच बाहेर जाऊन दोन फेऱ्या मारून आलो. वाईट वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज अगदी आनंदाचा दिवस.

दुकान होतं तेव्हा गुरुवारी सुट्टी असायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघं कंदिलात. म्हणजे लाल कागदी कंदील टांगलेलं ते चायनीज. भिंतीवर ड्रॅगन आहे, रंगाऱ्यानं त्याला हवालदारासारख्या मिशा काढल्यात. चायनीज म्हणायचं आपलं. यादीत मंचुरियन भरलेला पराठा आहे, तंदुरी मोमो आहे, शेझवान पनीर आहे. ही म्हणते, खऱ्या चिनी माणसाला इथं आणून बसवलं तर बिचारा उपाशी उठेल. आजारपणात जाणं बंद झालं होतं. आज म्हटलं, चल, नुसती बसायला तरी चल.

सूप आमचं कायम वन बाय टू. एक सूप, दोन वाट्यांत. नवीन लग्न झालेलं असताना अख्खं सूप एकेकाला जड होतं म्हणून सुरू झालं, ते तसंच राहिलं. आतूनच दोन वाट्या भरून येतात. मी वाकून दोन्हींची पातळी बघतो आणि जिच्यात चमचाभर जास्त ती हिच्याकडे सरकवतो. ह्यावरून ही मला कायम चिडवते. पण इतक्या वर्षांत कोणी कोणाच्या वाटीत चमचा घातला नाही. एकाच पातेल्यातलं सूप, चाखून वेगळं काय लागणार?

तर आंबट-तिखट सूप आलं. हिनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. घोट गिळायला वेळ लागला. मी घाबरलो, काय झालं म्हणून विचारलं. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, चव लागली."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मला इतका आनंद झाला की मी कॅप्टनला हाक मारून सांगितलं. कॅप्टन म्हणजे तिथला मुख्य वेटर, काळं जाकीट घालतो, आमच्याबरोबरच म्हातारा झालाय. पुढं मात्र हिनं दोन-तीन चमचेच घेतले. हात धुवायला गेली ती बराच वेळ येईना. बघतो तर आतल्या दाराशी कॅप्टनशी बोलत उभी. त्याच्या घरची चौकशी करत असणार, हिला सवयच आहे.

आज: सूप चार चमचे. पण चव लागली!

२६ जानेवारी, रविवार

बेचाळीस किलो शंभर. तीनशे ग्रॅम वाढले! थंडी वाजते म्हणून स्वेटर घालूनच काट्यावर चढली. हिच्या तसल्याच दुसऱ्या स्वेटरचं वजन करून मी तेवढं वजा केलं. मला कोण फसवणार.

३० जानेवारी, गुरुवार

अख्खी वाटी संपवली. अख्खी. मी मोजत होतो, पंचवीस मिनिटं लागली, पण मधे मधे बोलत होती ना. "आज झकास झालंय, नाही?" असं दोनदा म्हणाली.

कॅप्टन आता हिची वाटी स्वतः हिच्या हातात देतो, "ही ताईंची," म्हणून. पूर्वी असले लाड नव्हते. आज माझ्याच वाटीत चमचाभर जास्त होतं. मी बदलायला गेलो तर हिनं आपली वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हणे, हात शेकतेय. कॅप्टनची नजर आता कमजोर झालेली दिसते.

नूडल्स मागवल्या. हिच्या ताटलीतल्या माझ्याकडे कधी आल्या मला कळलंच नाही. आल्या तशा संपल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

बेचाळीस किलो सातशे. सुरुवातीला होती त्याच्याही वर गेली. गंमत म्हणून मीही काट्यावर चढलो. माझे अडीच किलो वाढलेत, पट्टा एक भोक पुढे गेलाय. हिला सांगितलं तर म्हणाली, "चला, दोघांपैकी कोणाच्या तरी अंगी लागतंय."

मी म्हटलं, दोघांच्याही लागतंय, आकडा बघ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याचा काटा बिघडला. परवा घरी बेचाळीस सातशे, आणि त्यांच्याकडे चाळीस सातशे. दोन दिवसांत दोन किलो उडून गेले काय? ते पण बरोब्बर दोन. म्हणजे त्यांचं शून्य सरकलंय, दुसरं काही नाही. मी सिस्टरना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजोबा, मागे लोक थांबलेत. आजोबा! मी तिथंच वाद घालणार होतो, पण हिनं बाही ओढली. "अहो, त्यांच्याकडे काटा बघायला तुमच्यासारखा माणूस कुठाय?" हे मात्र खरं आहे.

तिसरा डोस झाला. घरी येऊन झोपली ती अजून उठलेली नाही. पाणी दोन घोट.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेक आली आहे. दुसऱ्या शहरात नोकरी, दोन दिवसांची रजा काढून आली. दारातच आईला मिठी मारली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन माठाकडे तोंड करून उभी राहिली. मला म्हणाली, बाबा, आईची हाडं लागतात हाताला. मी वही दाखवली. आकडे बघ म्हटलं, डोळ्यांनी वजन करत नाहीत. तिनं वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. आईवर गेलीय.

संध्याकाळी तिघं कंदिलात गेलो. लेकीनं सवयीनं आईच्या वाटीत चमचा घालायला हात पुढे केला, तर हिनं तिच्या हातावर चापटी मारली. "माझं उष्टं नको, औषधं चालू आहेत." लेकीनं हात मागे घेतला. ही वाटी संपवेपर्यंत ती काहीच खात नव्हती, नुसती आईच्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, अगं, तुझ्या मोमोचं आइस्क्रीम होईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याच्या काट्याचा सोक्षमोक्ष लावायला आज पेटी घेऊन गेलो. गुडघे कुरकुरत होते, पण जिद्द. हिला बँकेत जातो असं सांगितलं. दुपारी तिथं गर्दी नसते. सिस्टर म्हणाल्या, करा काय करायचं ते, पण लवकर.

पेटी उघडली. पाचाचं होतं, दोन-दोनची दोन्ही होती. एकाचं नव्हतं. अर्ध्याचं नव्हतं. दोनशेची दोन आणि शंभराचं एक, तीही नव्हती. फडकंही नव्हतं. पेटी एवढी हलकी कशी लागली नाही मला?

होती ती नऊ किलो रुमालानं धरून काट्यावर ठेवली. काट्यानं नऊ दाखवले. काढून परत ठेवली. नऊ. सिस्टर विचारत होत्या, झालं का आजोबा. झालं म्हटलं.

घरी आल्यावर ही झोपलेली असताना तीच नऊ घरच्या काट्यावर ठेवली. तिथंही नऊ. दोन्ही काटे बरोबर आहेत.

पाच रिकाम्या खळग्यांची बेरीज करायला मला कागद लागत नाही. मी ती केली नाही. पेटी होती तशी पलंगाखाली सरकवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही स्वेटर घालून तयार होती. बाहेर ऊन तापलंय आणि ही स्वेटरात. मी म्हटलं, आज वजन नको, काटा उघडून ठेवलाय, एक स्प्रिंग बदलायची आहे. ह्या काट्यात स्प्रिंग नसते. एवढं हिलाही माहीत आहे, एकतीस वर्षं डबा घेऊन दुकानात यायची. "बरं," म्हणाली. भिंतीला धरून परत पलंगावर जाऊन बसली. स्वेटर काढायला मी मदत करायला गेलो तर नको म्हणाली, राहू द्या अंगात.

विचारावं असं दहा वेळा मनात आलं. विचारलं तर काय सांगेल? आणि सांगितलं तर मी काय करणार? मी भित्रा आहे. परक्या दुकानदारानं पारड्याखाली लपवलेला पासंग मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो.

पण सूप खरं आहे. ते माझ्या डोळ्यांदेखत पिते, शेवटच्या थेंबापर्यंत. आकडा खोटा असला तरी ते काही खोटं नाही. माणूस दर गुरुवारी वाटीभर सूप चवीनं पितं म्हणजे त्याच्यात जीव आहे. मी तेच धरून बसलोय.

४ मार्च, मंगळवार

अडतीस किलो चारशे. मी वाद घातला नाही.

डॉक्टर चांगला माणूस आहे. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचलासुद्धा नाही. म्हणाले, आता डोस थांबवू या. घरी न्या, त्यांना आवडेल ते करा. मी विचारलं, वजन वाढलं तर परत सुरू करता येतील ना? त्यांनी कागद सरळ केले. "आजोबा, आवडेल ते करा," असं परत म्हणाले.

गाडीत ही खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं रडत असेल. म्हणाली, परवा गुरुवार आहे ना?

६ मार्च, गुरुवार

कंदिलाच्या दोन पायऱ्या चढायला कॅप्टननं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पंखा हिच्या अंगावर येत होता म्हणून त्यानं बंद केला, बाजूच्या टेबलावरचे लोक कुरकुरले तरी. सूप आलं. माझी वाटी माझ्यापुढे, हिची हिच्या हातात.

आज चमच्यातलं निम्मं परत वाटीतच पडत होतं. मी म्हटलं, भरवू का? नको म्हणाली. अर्ध्या तासाच्या वर लागला. नेहमीप्रमाणे बोलतही होती, ड्रॅगनच्या मिशा एका बाजूला उडाल्यात, रंगाऱ्याला सांगा म्हणाली. वाटी रिकामी करून खाली ठेवली तेव्हा हिच्या कपाळावर घाम होता. तिखटाचा असेल.

मग म्हणाली, "माझ्यामागे गुरुवार चुकवू नका. आणि सूप अख्खं मागवत जा."

मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नकोस, अख्खं मला झेपत नाही.

"झेपतं हो तुम्हाला," म्हणाली. "पट्टा बघा स्वतःचा. अख्खंच मागवा, ऐका माझं."

मी हो म्हटलं नाही. हो म्हटलं तर ठरल्यासारखं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार

काल सकाळी ही गेली. मी चहा गाळत होतो. हाक मारली तर ओ आली नाही.

वही सवयीनं उघडली. आज: काही नाही.

६ एप्रिल, रविवार

लेक तेव्हापासून इथंच आहे, उद्या निघणार. आईचं कपाट आवरायला घेतलं. मी नको म्हणत होतो, पण ती म्हणाली, बाबा, तुम्ही एकट्यानं केलंत तर कधीच करणार नाही.

दाराच्या खुंटीवर स्वेटर होता. तिनं काढला तर हाताला हिसका बसला. आत हिनं अस्तराला दोन खिसे शिवले होते, बारीक टाक्यांचे. एकात एक किलोचं, दुसऱ्यात बाकीची चार. पिवळं फडकं मधोमध कापून दोन तुकडे केलेले, आणि प्रत्येक वजन वेगळं गुंडाळलेलं, एकमेकांवर वाजू नयेत म्हणून. उघडून बघितली. एकावरही बोटाचा डाग नाही. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं त्या बाईच्या, आणि दोन किलो पितळ अंगावर घेऊन काट्यावर चढत होती. आणि तेही माझ्या नियमाप्रमाणे, हात न लावता.

लेकीनं विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. मला बोलता बोलता रडू आलं. लेकही खाली बसून रडली. मग मी वजनं खळग्यांत बसवली. सगळी बसली.

१० एप्रिल, गुरुवार

लेक गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळी पाय आपोआप कंदिलाकडे वळले. नेहमीच्या टेबलाशी बसलो. समोर एक नवीन माणूस वही घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, आंबट-तिखट सूप, वन बाय टू. तोंडातून तसंच गेलं. हिनं अख्खं सांगितलं होतं ते आठवेपर्यंत तो आत ओरडूनही आला, त्या कोपऱ्यातल्या टेबलाचं वन बाय टू.

दोन वाट्या आल्या. एक माझ्यापुढे ठेवली, एक समोर, रिकाम्या खुर्चीपुढे. मी पातळी बघितली. सवय. समोरच्या वाटीत थोडं कमी होतं. म्हटलं, आज तरी हिची चाखून बघू, म्हणून ओढली आणि चमचा बुडवला. तेवढ्यात कॅप्टन आतून जवळजवळ पळत आला.

"साहेब, ती नको. आत चुकून झालं. ती ताईंची आहे."

तोवर घोट तोंडात गेला होता. कोमट, बुळबुळीत पाणी. आंबट नाही, तिखट नाही, मीठसुद्धा नाही. मी म्हटलं, कॅप्टन, हे काय आहे?

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मग हळूहळू सांगितलं. पीठ लावलेलं गरम पाणी, आणि रंग यावा म्हणून सोयाचे चार थेंब. स्वयंपाकी लहान पातेल्यात वेगळं करायचा. पहिल्याच दिवशी ही आतल्या दाराशी जाऊन त्याला म्हणाली होती, तोंडभर फोड आलेत, मिठाचा कणही सोसत नाही, चव तर कशाचीच नाही. पण ह्यांना कळू देऊ नका.

"मी म्हटलं, ताई, मग साहेबांना सांगून टाका ना," कॅप्टन म्हणाला. "तर म्हणाल्या, भाऊ, सांगितलं तर घरी काट्याकडे बघत बसतील नुसते. इथं आले की हसतात."

मला कॅप्टनचा राग आला. स्वयंपाक्याचा आला. हिचा तर इतका आला की वाटी उलटी करावी. मग काहीच करता येईना. मी एका माणसाला दर आठवड्याला ओढून आणत होतो, समोर बसवत होतो, आणि चमचे मोजत होतो.

कॅप्टन वाटी उचलायला लागला. मी वाटीवर हात ठेवला. म्हटलं, राहू द्या.

माझ्या तोंडात फोड नाहीत, तरी पाचव्या घोटानंतर चमचा खाली ठेवला. बोलायला समोर कोणी नव्हतं. भिंतीवरच्या मिशा अजून तशाच उडालेल्या होत्या, रंगाऱ्याला सांगायचं राहूनच गेलंय. सहा गुरुवार हिनं हे संपवलं, आणि वर मला विचारलं, झकास झालंय, नाही? मी थांबलो की परत चमचा उचलायचो. कॅप्टननं पंखा बंद केला होता, का ते त्यालाही ठाऊक नसेल. माझी वाटी बाजूला गार झाली, तिला मी हात लावला नाही.

आज: सूप, एक वाटी, हिची. पूर्ण संपवली. पन्नास मिनिटं लागली.